पांढरा मफलर

आमच्या घरात आरसा एकच होता, आणि तोही आप्पांच्या दाढीपुरता. पडवीच्या खांबावर खिळ्याला टांगलेला, तळहाताएवढा, एका कोपऱ्यातला पारा उडालेला. त्यात एका वेळी एकच गाल दिसे. मी वाकून हनुवटी बघायचो, टाचा उंचावून भांग बघायचो, मग आरसा खिळ्यावरून काढून हात लांब करून खांदा बघायचो, आणि हे तुकडे मनातल्या मनात जोडून आपण पूर्ण कसे दिसत असू याचा अंदाज बांधायचो. अंदाज नेहमी माझ्या बाजूने असायचा. विसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तरी गावातल्या प्रत्येक माणसाच्या कपड्यांविषयी माझं मत पक्कं होतं. मला सगळ्यांची किळस यायची.

सुरुवात घरातूनच. आमची नारळ-सुपारीची वाडी अलिबागपासून सायकलने अर्ध्या तासावर, समुद्राला लागून. उजाडताना विहिरीवरचा रहाट सुरू व्हायचा. त्याची ती कर्र कर्र कुरकुर, गाडग्यांतून पन्हळीत पडणारं पाणी आणि रेड्यामागे गोल फिरताना आप्पांचं "हो, हो रं" हे ऐकतच मी जागा व्हायचो. आप्पांच्या कमरेला गुडघ्याच्या वर पंचा, अंगात बिनबाह्यांची बंडी, डोक्याला फडकं. तेच फडकं घाम पुसायला, तेच चार नारळ बांधून आणायला, आणि जेवायला बसले की तेच मांडीवर. तालुक्याला जायचं असलं की लग्नातला काळा कोट बाहेर निघे. धोतरावर तो कोट, डोक्यावर तेलाने चामड्यासारखी झालेली टोपी, आणि खाली अनवाणी, भेगाळलेले पाय. रस्त्याने मी त्यांच्या दहा पावलं मागे चालायचो. कुणी ओळखीचं भेटलं की आप्पा मागे हात करून कौतुकाने सांगत, "पोरगा बापाच्या पुढं चालत न्हाय आमचा." त्यांना तो मान वाटायचा. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

तालुक्याच्या कचेरीत मला हंगामी कारकुनाची जागा मिळाली तेव्हा मी दोन पांढऱ्या पाटलोणी शिवून घेतल्या. पँटला तेव्हा आमच्याकडे पाटलोणच म्हणत. आईने त्या धुतल्या, भाताच्या पेजेत बुडवल्या आणि इतकी खळ दिली की वाळल्यावर दोरीवरून काढून तिने एक पाटलोण पडवीत चक्क उभी करून ठेवली. माझी धाकटी बहीण शेवंती माहेरपणाला आली होती, ती पोट धरून हसली. आई म्हणाली, "बग सदू, तुज्याबगर पन उबी ऱ्हातेय. कचेरीत हिलाच धाड, तू झोप." सगळं घर हसलं. मी ताटावरून उठून गेलो. ताटात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आईच्या हातचं वालाचं बिरडं, नारळाचा दाट रस घातलेलं, वर अख्खं कोकम तरंगणारं. ते तसंच टाकून मी विहिरीवर जाऊन पाटलोणीची खळ उतरवत बसलो. आज डॉक्टरांनी मला वाल बंद केले आहेत. स्वप्नात येतात.

कचेरीत आम्ही सात कारकून. त्यातले तिघे शहरातले, जुन्या घरांतले, ज्यांच्या बापांनीही कचेरीतच आयुष्य घालवलं होतं. ते टेबलाशी कसे बसतात, रुमाल कुठल्या खिशात ठेवतात, हे मी बघून घ्यायचो, आणि बघताना पकडला गेलो की फायलीत डोकं घालायचो. अव्वल कारकून म्हणजे आमच्यावरचे साहेब. त्यांना टापटिपीचा षोक होता. सकाळी आल्याबरोबर ते आमच्या रांगेवरून नजर फिरवत आणि एखाद्याच्या कपड्यांवर एकच शब्द टाकत. पहिल्या महिन्यात माझ्यावर त्यांनी टाकलेला शब्द होता, "वाडीवाले." खोली हसली. तो शब्द मला पुढे कितीतरी दिवस चिकटला.

अशा वेळी मी इसाजीकाकांकडे गेलो. गावात सात-आठ घरं यहुद्यांची होती. शनिवारी काम बंद ठेवणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बोलणं आमचंच, बायकांची लुगडी आमच्यासारखीच. इसाजीकाकांच्या वडिलांचा घाणा आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडेच होता. काका मात्र तरुणपणी मुंबईला गेले, गोदीत कारकून झाले, आणि निवृत्त होऊन एस्तेरकाकींना घेऊन गावी परतले ते एक पूर्ण उंचीच्या आरशाचं कपाट बैलगाडीतून घेऊनच. आप्पांची आणि त्यांची लहानपणापासूनची मैत्री. संध्याकाळी दोघे कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून विडी ओढत, एक पंच्यात, एक इस्त्रीच्या पाटलोणीत, आणि दोघांनाही त्यात काही विनोदी दिसत नसे.

"काका, मला नीट कपडे घालायला शिकवा," मी म्हणालो.

काकांनी मला त्या आरशासमोर उभं केलं. मी पहिल्यांदाच पूर्ण दिसलो. खांदे उतरते, पाय आखूड, पाटलोण घोट्याच्या वर चार बोटं, आणि कॉलरमधून बाहेर आलेली बारीक मान. तुकडे जोडून केलेला अंदाज साफ चुकला होता. मागून काकी म्हणाल्या, "अगं बाई, पोराला रडू येतंय." काका म्हणाले, "येऊ दे. पहिल्यांदा सगळ्यांना येतं. मला गोदीतल्या साहेबाच्या खोलीत आलं होतं."

मग दर रविवारी माझी शिकवणी. कापडापेक्षा माप मोठं, हा त्यांचा पहिला धडा. शिंप्याकडे जाताना पोटभर जेवून जावं, उपाशी पोटी माप देऊ नये. अंगावर दोनाहून अधिक रंग नकोत. खिसे रिकामे हवेत, फुगलेल्या खिशाने उत्तम शिवलेली पाटलोणही पोत्यासारखी दिसते. घडी पाडायची तर वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये पाटलोण ठेवून वर गादी टाकून झोपायचं, आणि रात्रभर कूस बदलायची नाही. घरी इस्त्री नसेल तर सपाट बुडाच्या पितळी तांब्यात निखारे भरायचे. नवा कपडा आधी दोन दिवस घरात घालून वावरायचं, म्हणजे बाहेर आपण त्याच्याकडे बघत बसत नाही. "कपडा अंगावर असला की तो विसरायचा असतो, सदू," ते म्हणायचे. "लक्षात राहिला तर समज, उसना आणलाय." हे सांगताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या बाहीकडे जाई आणि दोन बोटांनी ते नसलेला धुळीचा कण उचलून हळूच बाजूला सोडत. त्यांची ती लकब होती.

मी शिकलो. खरंच चांगला शिकलो. सहा महिन्यांत साहेबांनी मला "वाडीवाले" म्हणणं सोडलं. पण मला नुसतं सुधारणं पुरेना, मला इतरांना कमी लेखायचं होतं. मी आप्पांना एक बुशशर्ट आणला. फिकट निळा, बटणांचा, दोन खिशांचा. "हा घालत जा. लोक काय म्हणत असतील?" आप्पांनी तो उलटासुलटा बघितला, वास घेतला, आणि "झ्याक हाय" म्हणून बाजूला ठेवला. आठवड्याने मी वाडीत गेलो तर पोफळींमध्ये काठ्यांच्या क्रॉसवर तो शर्ट उभा. आप्पा म्हणाले, "वानरं लय भितात रं तुज्या शर्टाला. एक नारळ पाडला न्हाय बग चार दिसांत. आनखी एक आन." ते चेष्टा करत नव्हते, मनापासून सांगत होते. मी मात्र त्या दिवसापासून घरात कपड्यांबद्दल बोलणं बंद केलं. जनावरांशी काय बोलायचं, असं मी मनात म्हणालो. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो आहे. आप्पा आता नाहीत, आणि हे वाक्य माझ्या डोक्यात होतं याचा दुसरा कुणी साक्षीदार नाही.

आणि इसाजीकाकांची मी कचेरीत नक्कल करायचो. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणे, "अरे, तो तुमचा तेल्याचा साहेब दाखव की." मग मी उठायचो, मान ताठ करायचो, दोन बोटांनी बाहीवरचा नसलेला कण उचलायचो आणि काकांच्या आवाजात म्हणायचो, "उपाशी पोटी माप देऊ नये." तिघे शहरवाले टेबलावर हात आपटून हसायचे. एकदा साहेबसुद्धा दारात थांबून हसले. ज्या माणसाने मला त्या खोलीत बसण्याजोगं केलं, त्याला मी त्याच खोलीत दर दोन-चार दिवसांनी विकत होतो, आणि बदल्यात मला काय मिळायचं, तर हसू.

काकांचा मुलगा आधीच इस्राएलला गेला होता. गावातली यहुद्यांची घरं एकेक करून बंद होत होती. शेवटी काका-काकींचंही ठरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. घर उघडं पडल्यासारखं दिसत होतं. आरशाचं कपाट कुणीतरी नेलं होतं, भिंतीवर त्याचा चौकोनी पांढरा डाग होता. काकी रडून सुजलेल्या डोळ्यांनी एका पत्र्याच्या पेटीत भराभर कपडे कोंबत होत्या. काका म्हणाले, "तिकडे पोरगा शेतावर राहतो. पत्रात लिहितो, बाबा, इथे कोट घालून कुणी टोमॅटो तोडत नाही. ही पेटी तुझी. तीन कोट आहेत, खांदे थोडे आत घ्यावे लागतील. बाकी माप तुझं-माझं आता एकच."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला जवळ घेतलं. आप्पा दोन शहाळी घेऊन आले होते. ते कोपऱ्यात उभे राहून फडक्याने डोळे पुसत होते आणि मला त्या फडक्याची लाज वाटत होती.

पेटी मी घरी येऊन उघडली. करडा कोट, तपकिरी कोट आणि तळाशी काळा. हा काळा कोट ते फक्त त्यांच्या मोठ्या उपासाच्या दिवशी आणि शनिवारी मशिदीत जाताना घालत. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेलाही गावात मशीदच म्हणत. तो कोट उघडला तर आत, अस्तराला लागून, नीट घडी घातलेलं एक पांढरं रेशमी वस्त्र. मोठं, मऊ, दोन्ही टोकांना काळे पट्टे, आणि चारही कोपऱ्यांना दोऱ्यांचे लांब गोंडे, ओळीने गाठी मारलेले. हातात घेतलं तर पाण्यासारखं बोटांतून निसटत होतं.

ते काय होतं हे मला माहीत होतं. हे प्रकरण लिहिताना मी दोनदा असं लिहून पाहिलं की माहीत नव्हतं, आणि दोन्ही वेळा पान फाडलं. लहानपणापासून मी काकांना शनिवारी सकाळी ते खांद्यांवर घेऊन बसलेलं पाहिलं होतं. मशिदीच्या खिडकीतून आम्ही पोरं डोकावायचो. त्याला सिसित म्हणतात हेही ठाऊक होतं. शेवटच्या शनिवारी प्रार्थनेहून आल्यावर त्यांनी ते कोटाच्या आत गुंडाळून ठेवलं असणार, आणि रडताना काकींनी कोट उचलून पेटीत टाकला असणार. त्याच रात्री कुंपण ओलांडून नेऊन देता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रेवसला मुंबईची लाँच पकडणार होते. तेव्हाही सायकल हाणली असती तर त्यांना गाठून परत देता आलं असतं. मी अंथरुणात पडून तेवढा हिशोब केला, आणि मग सावकाश उठलो, अंघोळ केली, चहा प्यालो.

त्या हिवाळ्यात शहरवाल्या तिघांपैकी एकाने गळ्यात मफलर घालायला सुरुवात केली होती. लोकरीचा, मरून रंगाचा. साहेबांनी त्यावर शब्द टाकला होता, "उत्तम." तो शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता.

अलिबागच्या बाजारात गणू शिंपी माझे कपडे शिवायचा. ते वस्त्र मी त्याच्या फळीवर पसरलं आणि सहा फुटी मफलर करायला सांगितलं. गणूने कापड बोटांत घेतलं, मग गोंडे उचलून गाठी पाहिल्या. मोजल्यासारख्या पाहिल्या.

"हे कशाचं रे, सदू?"

"मुंबईची शाल आहे. जुनी."

"शालीला असल्या गाठी कोण मारतं? हे कुणाच्या तरी देवाधर्माचं दिसतंय. मी नाही बाबा कात्री लावणार."

"शिवशील की नाही?"

"शिवीन. कापून दे. पहिली कात्री माझी नको."

मी त्याच्या हातून कात्री घेतली. आधी गोंडे कापले, कारण ते मध्ये येत होते. चारही. मग लांबीत कापड कापलं. रेशीम कात्रीखाली आवाजसुद्धा करत नाही. गणू दुसरीकडे बघत विडी पेटवत होता. उरलेलं कापड आणि गोंडे त्याने कागदात बांधून दिले. आमच्या घरात चिंधीसुद्धा टाकत नसत, म्हणून मी ते पुडकं नेऊन आईच्या गोधडीच्या बोचक्यात टाकलं. मफलर शनिवारी तयार झाला. सोमवारी कचेरीत घालायचा असं ठरवून मी तो दोन दिवस घरात घालून वावरायला लागलो.

रविवारी दुपारी आई पडवीत वाल सोलत बसली होती. आप्पा वाडीत होते. बाळंतपणाला आलेली शेवंती आत निजलेली, तिची सव्वा महिन्याची पोर पडवीतल्या पाळण्यात. मी माजघरात आरशाचा तुकडा हातात धरून गाठ बसवून पाहत होतो. अंगणात चाहूल लागली आणि आईचा आवाज आला, "अगो बाई, इसाजी भावजी! तुमी गेलंव न्हाय का?"

"जायचा दिवस पुढे ढकललाय, वहिनी. मुंबईतच आहोत अजून. सदू आहे का?"

मी मफलर ओढून काढला, गादीखाली सरकवला आणि बाहेर आलो. काका पायरीवर टेकले होते. रेवसपासून उन्हात चालत आले असावेत. बुटांवर धूळ होती. त्यांच्या बुटांवर मी तोवर कधी धूळ पाहिली नव्हती. त्यांच्या हातात जांभळ्या मखमलीची चपटी पिशवी होती, रिकामी.

"सदू, काळ्या कोटात माझं सिसित राहिलं का रे? हिला वाटलं मी पिशवीत ठेवलं, मला वाटलं हिने ठेवलं. मुंबईला पिशवी उचलली तर हलकी लागली."

"नाही काका," मी म्हणालो. "कोटात काही नव्हतं. मी तिन्ही कोट झटकून पाहिले."

मी हे इतक्या सहज बोललो की आजही त्या सहजतेचं मला नवल वाटतं. झटकून पाहिले, हे शब्द कुणी मागितले नव्हते. मी ते पदरचे घातले.

काकांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. पिशवी मांडीवर सपाट करत ते आईला सांगू लागले, "लग्नात सासऱ्यांनी घातलं होतं माझ्या खांद्यावर, वहिनी. आम्हा लोकांत माणूस गेला की त्याला त्यातच गुंडाळतात. तिकडे नवं मिळेल म्हणा. पण बासष्ट वर्षांचा झालो. परक्या मुलखात जातोय. निदान मातीत जाताना अंगावर काहीतरी इथलं, आपल्या घरचं असावं, एवढंच मनात होतं. सांडलं असेल कुठे."

"असं कसं सांडंल?" आई वालाचं सूप बाजूला सारत म्हणाली. "सदू, आनखी एकदा बग रं पेटीत. भावजी, तुमी पानी तरी घ्या."

पोर कुरकुरली. आईचे हात वालाने भरलेले, म्हणून काकांनीच बसल्या जागेवरून पाळण्याला झोका दिला. पोर गप्प झाली. पण झोका थांबल्यावर काकांचा हात पाळण्याच्या दोरीवर तसाच राहिला. मी त्यांच्या नजरेमागे पाहिलं. पाळण्याच्या वरच्या दांडीला आईने लाल चिंध्यांची फुलं बांधली होती, आणि फुलांच्या मध्ये, पोरीला बघायला मजा वाटावी म्हणून, चार पांढरे गाठींचे गोंडे.

काका उठले. त्यांनी एक गोंडा बोटांत धरला. अंगठा एकेका गाठीवरून खाली नेला, शेवटपर्यंत.

"वहिनी, हे तुम्हाला कुठे मिळालं?"

आईला कशाचीच कल्पना नव्हती. ती कौतुकाने म्हणाली, "माज्या सदूनं आनलं शिंप्याकडनं. चिंध्यांत व्हतं. लय निगुतीच्या गाठी हायेत, नाय? पोरगी टकामका बगत ऱ्हाते." मग तिने काकांचं तोंड पाहिलं. मग माझं. तिच्या हाताचा धक्का लागून सूप कलंडलं आणि वाल पडवीभर पसरले. ती तशीच उठली, विहिरीकडे धावली, हात धुऊन आली, आणि ओल्या हातांनी गोंड्यांच्या गाठी सोडू लागली. "मला कोनी सांगलं न्हाय, भावजी. देवाचं हाय म्हनून मला कोनी सांगलं न्हाय. पोरीच्या गळ्याची आन."

"राहू द्या, वहिनी. बाळाच्या डोक्यावर आहेत. वाईट जागी नाहीत." त्यांनी तिचे हात हलकेच बाजूला केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यातला एक तोडतात, सदू. माणूस मेल्यावर. एकच. तू चारही तोडलेस, आणि मी अजून उभा आहे."

त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"बाकीचं कुठे आहे?"

मी आत गेलो. मागच्या दाराने वाडीत पळून जावं असा विचार आला, हेही लिहितो. मग गादीखालून मफलर काढला आणि आणून दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी उलगडला, वीतभर वीतभर करत मोजला, आणि रुंदी आपल्या एका खांद्यावर धरून पाहिली. खांदासुद्धा झाकत नव्हता. दुसऱ्या बाजूने आप्पा नुकतेच अंगणात आले होते, डोक्यावर गवताचा भारा तसाच, काही न कळून उभे.

"शिवण बारीक आहे," काका म्हणाले. "कुणाची?"

"गणूची."

"आणि कापलं कुणी?"

"मी."

"हं." त्यांनी मफलरची चौपदरी घडी घातली, काठाला काठ लावून, आणि माझ्या हातात परत दिली. "ठेव. मला आता याचा उपयोग नाही. काळे पट्टे बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नकोस, भडक दिसतात. आत दुमडून घाल."

आई ओरडली, "भावजी, न्या तुमचं! जसं असंल तसं न्या!" पण त्यांनी मखमलीची रिकामी पिशवी खिशात सारली, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते दोघे फाटकाकडे गेले. गवताचा भारा वाटेतच टाकून आप्पा रेवसपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. परत आले ते अंधार पडल्यावर. दुसऱ्या दिवशी पहाटे रहाटावर त्यांचं "हो, हो रं" ऐकू आलं नाही, नुसताच रहाट कुरकुरत होता.

आईने रात्रभर जागून पडवीतले वाल एकेक करून वेचले. माझे कपडे त्यानंतर तिने कधी धुतले नाहीत. मी धुवायला टाकले तर ती ते काठीने उचलून विहिरीच्या कठड्यावर माझ्यासाठी ठेवायची. गोंडे तिने पाळण्यावरून सोडले, देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्यामागे ठेवले, आणि मरेपर्यंत रोज त्यांना दोन फुलं वाहिली. कुणाच्या देवाला वाहतेय हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. वर्ष-दीड वर्षाने इस्राएलहून काकांच्या मुलाचं आप्पांना पत्र आलं. वाचून मीच दाखवलं, कारण घरात वाचता येणारा मीच. बाबा थोड्या आजाराने गेले, असं होतं. कशात गुंडाळलं ते लिहिलेलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "आनखी काय लिवलंय? नीट बग." मी म्हणालो, एवढंच.

लोक समजतील की त्या रविवारनंतर मी तो मफलर जाळला, किंवा समुद्रात सोडला. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. तसं लिहिलं तर माझ्या मुलाला वाचायला देता येईल. पण त्या सोमवारी सकाळी हवा खरोखरच गार होती, आणि नवा शिवलेला मफलर होता, आणि कचेरीत तो मरून रंगाचा लोकरी मफलर रोज येऊन बसत होता. मी तो गळ्यात घातला. काकांनी सांगितल्याप्रमाणे काळे पट्टे आत दुमडले. त्यांचं खरं होतं, तसा तो फार चांगला दिसत होता. साहेब आमच्या रांगेवरून नजर फिरवत आले, माझ्यापाशी थांबले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच एकाहून अधिक शब्द बोलले. "अरे वा. अस्सल रेशीम. बाकीच्यांनी बघा जरा," ते म्हणाले, आणि मला उभं राहून सगळ्यांना नीट दाखवायला सांगितलं.

मी उभा राहिलो आणि दाखवला.